संस्था सोडल्यानंतर जुन्या पत्त्यावरचे ईमेल: अकरा महिन्यांचा अनुभव

संस्था सोडताना आयटी विभागाने मला दोन पर्याय दिले होते: जुना पत्ता बंद करून मेल पाठवणाऱ्याला नवा पत्ता कळवणारे स्वयंचलित उत्तर ठेवणे, किंवा वर्षभर सर्व मेल माझ्या खासगी पत्त्यावर फॉरवर्ड करणे. सोयीचा वाटला म्हणून मी दुसरा पर्याय घेतला.

पहिले दोन महिने तक्रारीला जागा नव्हती. नंतर एका परिचितांनी फोन करून विचारले, ‘दोनदा मेल केला, उत्तर का नाही?’ मला तर एकही मेल मिळाला नव्हता. त्यांनी परत आलेल्या मेलचा मजकूर पाठवला, त्यात ५५० ५.७.२६ हा नकाराचा क्रमांक होता आणि त्याखाली माझा खासगी पत्ता, जो मी त्यांना कधी दिलाच नव्हता, स्पष्ट छापलेला होता.

कारण समजायला वेळ लागला. एसपीएफ नोंदीत डोमेनच्या (पत्त्यातील @ नंतरच्या भागाच्या) वतीने मेल पाठवू शकणाऱ्या सर्व्हरची यादी असते आणि फॉरवर्ड करणारा सर्व्हर त्या यादीत नसतो. मग सारी भिस्त डीकेआयएम स्वाक्षरीवर, म्हणजे मेल वाटेत बदललेला नाही हे दाखवणाऱ्या डिजिटल खुणेवर, राहते. आमच्या संस्थेचा सर्व्हर मात्र बाहेरून आलेल्या प्रत्येक मेलच्या विषयात ‘बाह्य’ असा शब्द जोडत असे, आणि विषयही स्वाक्षरीत अंतर्भूत असल्याने तीही अवैध ठरत होती. ज्यांच्या डोमेनचे डीमार्क धोरण (या तपासण्यांत नापास झालेल्या मेलचे काय करायचे हे सांगणारा नियम) कडक आहे, नेमके त्यांचेच मेल नाकारले जात होते. आयटी विभागाने आधी एसआरएस (फॉरवर्ड करताना मेलचा परतीचा पत्ता संस्थेच्या डोमेनचा करणारी पद्धत) सुरू केले. त्याने एसपीएफ तपासणी पार पडली, परंतु ती संस्थेच्या डोमेनच्या नावाने पार पडत असल्याने ‘प्रेषक’ रकान्यातील डोमेनशी जुळेना आणि डीमार्कचा नकार कायम राहिला. फॉरवर्ड होणाऱ्या मेलमधून तो शब्द काढल्यावरच अडचण सुटली. (ही विनंती मला तीनदा करावी लागली, कारण माजी कर्मचाऱ्याच्या तक्रारीला तिथे रांगेत शेवटची जागा असते.)

स्पॅमही फॉरवर्ड होतो, हे ओघाने आलेच. त्याहून गैरसोयीचे म्हणजे, मी दिलेले उत्तर नव्या पत्त्यावरून जाते आणि काही जण ते अनोळखी समजून उघडतच नाहीत.

खरा उपयोग झाला तो विसरलेली खाती सापडण्यासाठी. कुठले तरी नूतनीकरणाचे स्मरणपत्र येई आणि तिथे अजून जुनाच पत्ता असल्याचे लक्षात येई. अशी १४ खाती मी बदलून घेतली. पंधराव्या खात्याला बदलाची संमती जुन्या पत्त्यावरच हवी आहे. त्याची लिंक तीनदा मागवली, तिन्ही वेळा ती स्पॅममध्ये मुदत संपल्यावर सापडली, आणि फॉरवर्डिंग बंद व्हायला आता २६ दिवस उरले आहेत.