महूच्या पुढे ग्रॅव्हल सायकलिंग : 5 पैकी 4, आणि तो एक मार्क का कापला

इंदूरात सायकल चालवणं मी 6 वर्षांपूर्वी सोडलं. लोकमान्य नगरातून राजवाड्याकडे जायचं म्हणजे मागून सतत हॉर्न, बाजूनं ई-रिक्षा घुसणार, आणि एकदा एका कारचा आरसा कोपराला घासून गेला त्या दिवशी घरी येऊन सायकल जिन्याखाली लावली ती लावलीच. त्यामुळे दिवाळीनंतर भाऊजी म्हणाले की वहिनी, एक ग्रुप आहे, महूच्या पुढे कच्च्या रस्त्यांवर सायकली घेऊन जातो, सायकल त्यांचीच, गाड्या अजिबात नाहीत, तेव्हा "गाड्या नाहीत" या दोन शब्दांसाठी मी हो म्हटलं. मी, माझी 14 वर्षांची लेक आणि भाऊजी असे तिघं डिसेंबरच्या पहिल्या रविवारी गेलो. माणशी 1,400 रुपये, त्यात सायकल, हेल्मेट, सकाळचे पोहे आणि बरोबर वाट दाखवायला ग्रुपची दोन तरुण मुलं, एक पुढे एक मागे. एकूण 34 किलोमीटर.

आधी सायकलीबद्दल सांगते कारण मला स्वतःला ग्रॅव्हल बाइक म्हणजे काय ते माहीत नव्हतं. हँडल रेसिंग सायकलसारखं खाली वळलेलं पण टायर चांगले जाड, आमचे 42 एमएमचे होते, पुढे एकच दातेरी चकती आणि मागे 11, म्हणजे 11 गिअर, त्यातली सर्वात मोठी चकती इतकी हलकी की चढावर बसूनच पाय फिरवत राहायचं. डिस्क ब्रेक. शॉकअप नाही, ते काम टायरच करतो, म्हणून हवा कमी ठेवतात. माझ्या पुढच्या चाकात 32 आणि मागच्यात 35 पीएसआय होती, आणि निघण्याआधी त्यातल्या एका मुलानं माझं वजन विचारून त्याप्रमाणे गेज लावून हवा सेट केली. हे मला फार आवडलं, कारण आपल्याकडे पंप मारून अंगठ्यानं दाबून बघायचं आणि चला, एवढंच असतं. फरक पहिल्या किलोमीटरातच कळतो, पन्हाळी पत्र्यासारख्या रस्त्यावर माझे तळहात बधिर झाले नाहीत.

आता रस्ता. महू सोडलं, डांबर संपलं आणि मुरूम सुरू झाला. दोन्ही बाजूला शेतं, सोयाबीन कधीच निघालेलं, हरभरा वितभर आलेला, गव्हाला पाणी चाललेलं, मोटारीचा आवाज लांबून. त्या पलीकडे सागवान आणि पळस आणि वाळून सोनेरी झालेलं गवत. (मोजे उंच घाला, कुसळं अशी घुसतात की घरी येऊन मी अर्धा तास चिमट्यानं काढत होते.) पाऊण तासानं माझ्या लक्षात आलं की मी खांदे सैल सोडलेत. शहरात सायकलवर मान आपोआप आखडते, कान मागे लागलेले असतात, इथे कान मोकळे झाले आणि टायरखाली खडे दाबले जातात तो कर्रकर्र आवाज ऐकू यायला लागला. लेक माझ्या शेजारून चालवत होती, शेजारून, आणि बोलत होती. इंदूरच्या रस्त्यावर आम्ही दोघी कधीच शेजारी शेजारी सायकल चालवलेली नाही.

पुढचा मुलगा जिऑलॉजी शिकलेला, आणि हा या राइडचा खरा ऐवज आहे असं माझं मत. तो थांबवतो, पण लेक्चर देत नाही, हातात दगड देतो. एका नाल्याच्या कडेला मोठे गोल धोंडे होते, काळपट तपकिरी, आणि त्यांच्यावरून कांद्यासारखे पापुद्रे सुटत होते. त्यानं बोटानं एक पापुद्रा काढला तर तो हातात चुरला, आणि म्हणाला काकू, तुम्ही आत्तापर्यंत ज्याच्यावरून आलात तो मुरूम म्हणजे हेच, आणि हेच अजून कुजलं की शेतातली काळी माती. आत मात्र गाभा अजून निबर काळा. दुसऱ्या एका दगडात वाटाण्याएवढी भोकं आणि भोकांत पांढरे स्फटिक. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, ती ही भोकं, आणि नंतर कित्येक काळ पाणी झिरपून त्यांत खनिजं जमली. 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. लेकीनं तो दगड किती वेळ खाली ठेवला नाही.

मी विचारलं की जानापाव हा ज्वालामुखी होता असं आम्ही लहानपणापासून ऐकतोय ते खरं का, कारण साडेआठशे मीटरच्या वर गेलेला तो डोंगर दिवसभर समोर दिसतच असतो. तर तो म्हणाला दख्खनचा बहुतेक लाव्हा एखाद्या उंच तोंडातून नाही, जमिनीला पडलेल्या लांबलचक भेगांमधून बाहेर आला, थरावर थर पसरत गेला, म्हणून आपले डोंगर पायऱ्यांसारखे दिसतात, आणि या खडकाला डेक्कन ट्रॅप म्हणतात त्यातला ट्रॅप हा शब्दसुद्धा पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलाय. आज उरलेला पसाराच 5 लाख चौरस किलोमीटरच्या आसपास आहे, घाटमाथा, अजिंठा, वेरूळ, सगळं त्यातच. आमचं मूळ घर साताऱ्याकडचं, चार पिढ्यांपूर्वी होळकरांच्या चाकरीत इकडे आलेले आम्ही लोक, आणि आजीचं जातं ज्या काळ्या दगडाचं तोच दगड माझ्या चाकाखाली होता. घर सोडून कुठे लांब आलो असं जे आमच्याकडे अजूनही बोललं जातं, त्या धोंड्यांजवळ उभं राहून मला ते तितकंसं पटलं नाही.

विंध्याच्या कडेला पोहोचलो तिथे पठार एकदम संपतं आणि खाली निमाडकडची दरी. इथे पडलेला पाऊस या बाजूला वाहिला तर चंबळ, यमुना, गंगा करत बंगालच्या उपसागरात, आणि दहा पावलं त्या बाजूला पडला तर चोरल नदीतून नर्मदेत आणि खंबातच्या आखातात. तिथे आम्ही 20 मिनिटं नुसते बसलो.

आता एक मार्क का कापला ते. फोनवर सांगितलेलं की सगळ्या सायकली ट्यूबलेस. माझी होती, आणि त्याचा फायदा डोळ्यांनी बघितला. बाभळीचा काटा घुसला, सुस्स आवाज झाला, मागचा मुलगा ओरडला थांबू नका फिरवत राहा, आणि चाक चार वेळा फिरेपर्यंत टायरमध्ये आधीच भरलेला पांढरा चीक भोकातून बाहेर येऊन घट्ट झाला, आवाज बंद. काटा तसाच, हवा तशीच. पण भाऊजींच्या सायकलीत साधी ट्यूब निघाली आणि हवा मात्र ट्यूबलेसच्या हिशेबानं कमी भरलेली. उताराला गिट्टी पसरलेली होती, त्यावर रिम आणि दगडाच्या मधे ट्यूब चेपली आणि सापाच्या चाव्यासारखी दोन भोकं. बॅगेतली स्पेअर ट्यूब काढली तर तिचा व्हॉल्व्ह जाड, मोटारसायकलसारखा, आणि रिमचं भोक बारीक व्हॉल्व्हचं. जाईच ना. शेवटी पॅच लावला, 40 मिनिटं गेली, ऊन चढलं, पाणी संपत आलं. मुलांनी मनापासून माफी मागितली, त्यांच्या वागण्याबद्दल माझी अजिबात तक्रार नाही, पण जंगलाच्या कडेला लहान मुलं बरोबर असताना ट्यूब आदल्या रात्री रिमला लावून बघायलाच हवी.

दुसरी गोष्ट, शेवटचे 3 किलोमीटर. तिथे एक गिट्टी क्रशर आहे आणि त्याचे डंपर त्याच कच्च्या रस्त्यानं येतात. तीन डंपर गेले, धुळीनं समोरचं दिसेना, लेक बाजूच्या शेतात उतरून उभी राहिली, आणि माझी मान पुन्हा तशीच आखडली. "गाड्या अजिबात नाहीत" असं सांगून पैसे घेता तर हे 3 किलोमीटर सायकली पिकअपमध्ये टाकून न्या, आम्ही वर 100 रुपये देऊ. त्यांना तिथेच सांगितलं, परत मेसेजही केला, आणि दोन दिवसांनी उत्तर आलं की जानेवारीपासून राइड क्रशरच्या अलीकडेच संपवणार.

जायचं असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारी जा. पावसात काळी माती चाकाला अशी चिकटते की फ्रेम आणि टायरमधली जागा भरून चाक फिरायचं थांबतं, त्यामुळे ते लोक स्वतःच जून ते ऑक्टोबर बंद ठेवतात. 2 लिटर पाणी आपलं आपण न्या. बुक करताना प्रत्येक सायकल ट्यूबलेस आहे का हे नाव घेऊन विचारा, आणि मुलांसाठी हेल्मेटचा साइज आधी कळवा, लेकीचं ढिलं होतं, आत रुमाल घालून बसवावं लागलं.

आम्ही जानेवारीच्या तिसऱ्या रविवारचं बुकिंग केलंय. या वेळी आमचे हे पण येतायत, आणि जिन्याखालची सायकल मी दुकानात दिलीये, जाड टायर बसतात का बघायला.