उजवा जॅक, सर्व्हिस सेंटर आणि स्टीरिओ: मॉडेलर काही महिने वापरल्यावर

“दोष आढळला नाही” असा शेरा मारून सर्व्हिस सेंटरने माझा फ्लोअर मॉडेलर (गिटारचे अँप आणि इफेक्ट यांची डिजिटल नक्कल करणारं, जमिनीवर ठेवून पायाने चालवायचं युनिट) परत पाठवला. घरी लावून बघतो तर उजव्या आउटपुटचा आवाज पूर्वीसारखाच येतोय-जातोय. तो संताप अजून उतरलेला नाही, म्हणून लिहायला बसलोय. स्पेसिफिकेशन सगळीकडे मिळतात, ती इथे देत नाही.

तक्रार साधी होती. पिंग-पाँग डिले (आवाजाचे प्रतिध्वनी आळीपाळीने डावीकडे-उजवीकडे टाकणारा इफेक्ट) लावला की डावीकडचा ठोका ठरल्या वेळी यायचा, उजवीकडचा मात्र मनात आलं तर. केबलींची अदलाबदल केली, स्पीकरांची केली, दोष उजव्या जॅकलाच चिकटून राहिला. हेडफोनवर दोन्ही बाजू स्वच्छ, यूएसबीवरून रेकॉर्डिंग केलं तर दोन्ही चॅनल भरलेले. म्हणजे डिजिटल भाग शाबूत आणि बिघाड शेवटच्या टप्प्यात, जॅकच्या आसपास. हे सगळं कागदावर लिहून युनिटसोबत दिलं होतं. तो कागद कुणी वाचला नाही.

फोनवर खोदून विचारल्यावर कळलं की तपासणाऱ्याने एकच केबल लावली होती, तीही डाव्या जॅकला. त्या जॅकवर ‘लेफ्ट/मोनो’ छापलेलं असतं ते उगाच नाही. उजवा जॅक रिकामा असला की युनिट दोन्ही बाजू एकत्र करून डावीकडून सोडतं. त्यामुळे त्याला डिलेचे सगळे ठोके ऐकू आले आणि युनिट पास झालं. ज्या जॅकची तक्रार होती, त्यात त्याने काही घातलंच नव्हतं! दुसऱ्यांदा पाठवताना मी एक टेस्ट प्रीसेट (सेव्ह केलेली आवाजाची जुळणी) करून दिला: डावीकडे पूर्ण शांतता, गिटार पूर्णपणे उजवीकडे. सोबत एकच ओळ, दोन्ही जॅकमध्ये केबल घाला. मग जॅकचं सोल्डर सुटलेलं सापडलं. दुरुस्ती वॉरंटीत झाली, पण जाण्या-येण्याचा खर्च दोन्ही वेळा माझ्या खिशातून गेला आणि तो मला अजून सलतो. तुमचं युनिट नवीन असेल तर असा प्रीसेट पहिल्याच दिवशी करून दोन्ही जॅक तपासा.

आता युनिटबद्दल. आवाज उत्तम आहे, त्यात शंका नाही. स्टीरिओ कोरससाठी (एकच गिटार अनेक गिटारींसारखी भासवणारा इफेक्ट) तर मी हे पुन्हा घेईन. १९७५ च्या रोलंड जेसी-१२० या अँपमध्ये एका स्पीकरला सरळ आवाज आणि दुसऱ्याला हेलकावणारा आवाज मिळायचा, कोरस तयार व्हायचा तो खोलीतल्या हवेत. पुढच्याच वर्षी आलेल्या बॉस सीई-१ या कोरस पेडलला दोन आउटपुट दिले ते त्याच कल्पनेवर. या युनिटच्या कोरसमध्ये तसा मोड आहे. स्पीकर जरा लांब-लांब ठेवून त्यांच्या मधोमध बसलं की क्लीन आवाजातली कॉर्ड शब्दशः खोलीभर पसरते. पहिल्या रात्री मी दुसरं काही वाजवलंच नाही.

पण स्टीरिओ म्हटलं की सगळं दुप्पट लागतं: दोन केबल, दोन स्पीकर, दोन डीआय बॉक्स (सिग्नल मिक्सरला जोडायचे डबे), मिक्सरवर दोन चॅनल. दुसरा स्पीकर मी बरेच दिवस टाळला आणि हेडफोनवरच प्रीसेट बांधले. काटकसर म्हणून ठीक, पण हेडफोनवर डावा आवाज उजव्या कानाला पोहोचतच नाही. त्यामुळे तिथे भव्य वाटणारी रुंदी स्पीकरवर निम्मी होते.

माझा खरा राग आहे स्क्रीनवर. साखळीतला प्रत्येक इफेक्ट किंवा अँप म्हणजे एक ब्लॉक, आणि मोनो ब्लॉक व स्टीरिओ ब्लॉक दिसायला सारखेच! साखळीत स्टीरिओ डिले आहे आणि त्याच्या पुढे एखादा मोनो कॉम्प्रेसर टाकला की तिथेच दोन्ही बाजू एक होतात. अँपचे ब्लॉकही मोनोच आहेत, म्हणजे अँपच्या आधीचा कितीही सुंदर स्टीरिओ अँपच्या दारात संपतो. स्क्रीनवर मात्र रेघ तशीच, रंग तोच. रेघ दुहेरी काढली असती तरी भागलं असतं. एवढ्या मोठ्या स्क्रीनवर अँपचं रंगीत चित्र काढायला जागा आहे आणि सिग्नल कुठे मोनो झाला हे सांगायला नाही, हे मला पटत नाही. प्रत्येक ब्लॉकची माहिती उघडून तपासावी लागते. वीस ब्लॉकच्या साखळीत हे किती किचकट होतं ते करून बघा.

एका बाबतीत माझं मत मधल्या काळात पूर्ण बदललं. सुरुवातीला रुंदीसाठी मी एका बाजूला १० मिलिसेकंदांचा डिले देत असे. इतका छोटा डिले कानाला वेगळा ठोका म्हणून ऐकू येत नाही, फक्त आवाज आधी आलेल्या बाजूला सरकतो आणि फुगतो. हेल्मुट हास यांनी १९४९ च्या प्रबंधात अभ्यासलेला परिणाम तो हाच. घरी झकास. पण बहुतेक हॉलमध्ये साउंडवाला सगळं मोनोतच देतो, आणि तिथे दोन्ही बाजू एकत्र आल्या की १० मिलिसेकंदांच्या फरकामुळे ५०, १५०, २५० हर्ट्झ असे खड्डे पडत जातात. गिटारची मोकळी डी तार सुमारे १४७ हर्ट्झला वाजते, म्हणजे तिचा मूळ स्वर नेमका खड्ड्यात. शेजारची ए तार ११० ला, ती ठणठणीत. एकाच कॉर्डमधली एक तार भरीव आणि दुसरी पोकळ, आणि ईक्यू कितीही फिरवला तरी ते भरून निघत नाही. तो डिले मी सगळ्या प्रीसेटमधून काढून टाकलाय.

आता रुंदीसाठी दोन वेगळ्या कॅब आयआर (स्पीकर कॅबिनेटच्या आवाजाचा डिजिटल ठसा असलेल्या फाइल), एक डावीकडे, एक उजवीकडे. यातही एक आयआर दुसरीपेक्षा एक मिलिसेकंद उशिरा सुरू होत असेल तर मोनोत ५०० हर्ट्झला खड्डा पडतो, म्हणून जोडी कानाने निवडा. डिलेसाठी दोन्ही बाजूंना वेगळा वेळ: १२० च्या टेम्पोला डावीकडे ५०० मिलिसेकंद, उजवीकडे ३७५. हे ठोके एकमेकांपासून इतके दूर पडतात की मोनोत गेले तरी टिकतात. रिव्हर्ब मी शेवटी ठेवतो, त्यात फारसं सांगण्यासारखं नाही.

स्क्रीनची तक्रार आणि ‘मोनो करून ऐका’ असं एखादं बटण द्या ही मागणी कंपनीला लिहून कळवली. ‘सूचना नोंदवली आहे’ असं उत्तर आलं. त्यानंतरच्या फर्मवेअरमध्ये नवे अँप आले, बटण नाही. तोवर चालणारा उपाय असा: साखळीच्या अगदी शेवटी एक मोनो गेन ब्लॉक, शून्य डेसिबलवर, फूटस्विचला जोडून बंद ठेवलेला. माझ्या युनिटवर बंद मोनो ब्लॉकमधून स्टीरिओ जसाच्या तसा पुढे जातो आणि चालू केला की सगळं मोनो होतं. प्रीसेट सेव्ह करण्याआधी तो स्विच दाबून प्रत्येक तार एकेकटी वाजवून बघतो. एक ब्लॉक आणि एक स्विच यात खर्ची पडतो, पण बटण येईपर्यंत तो तिथेच राहणार.