इंदूरमधला संगणकीय विज्ञानाचा एम.एस्सी.: प्रात्यक्षिकं झकास, विषयांचा क्रम फसलेला

विज्ञानातले प्रश्न संगणकावर आकडेमोड करून सोडवायला शिकवणारा, बायपासजवळच्या एका खासगी विद्यापीठाचा हा अभ्यासक्रम: दोन वर्षं, चार सत्रं, 80 क्रेडिट. माहितीपत्रकात ‘एआय’ हा शब्द पोह्यांवर जिरावन मसाला भुरभुरावा तसा जागोजागी आहे. तिकडे काणाडोळा करून थेट विषयांची यादी बघावी.

पहिलं सत्र उत्तम. लिनक्स, गिट, सी++ आणि पायथन, सोबत 4 क्रेडिटची प्रात्यक्षिकं, म्हणजे 120 तास. इथे 0.1 दहा वेळा मिळवून उत्तर 1 का येत नाही, तर 0.9999999999999999 का येतं, हे मुलांकडून करवून घेतात; कारण संगणकाच्या द्विमान अंकांत 0.1 नेमका मावत नाही. मग 1991 च्या पॅट्रियट क्षेपणास्त्राचं उदाहरण येतं: 0.1 सेकंद 24 बिटांत कापून साठवल्यामुळे 100 तासांत घड्याळ सुमारे 0.34 सेकंद चुकलं. इतकं नेटकं शिकवणारे फार थोडे.

गाडी घसरते दुसऱ्या सत्रात. मशीन लर्निंग इथे आणि संख्यात्मक रेषीय बीजगणित तिसऱ्यात! मुलं नॉर्मल समीकरणं (डेटाला रेषा बसवण्याची सोपी, थेट रीत) सोडवून मोकळी होतात. पण त्या पद्धतीत मॅट्रिक्सच्या कंडिशन नंबरचा, म्हणजे लहानशी चूक उत्तरात किती पट फुगू शकते त्या आकड्याचा, वर्ग होतो. मुळात तो 10⁸ असेल तर 10¹⁶ होतो, आणि डबल प्रिसिजनमध्ये, म्हणजे 64 बिटांत साठवलेल्या आकड्यात, जेमतेम 16 अंक असतात. मग उत्तरात भरवशाचं काही उरत नाही, आणि प्रोग्राम चूक दाखवतोच असं नाही. असा वर्ग न होऊ देणारी क्यूआर पद्धत आधी शिकवली असती तर हे टळलं असतं. दोन विषयांची अदलाबदल करायला पैसा लागत नाही, फक्त अभ्यासमंडळाची एक बैठक लागते.

उष्णतेच्या समीकरणाचं प्रात्यक्षिक मात्र चांगलं बसवलंय. जाळीतल्या बिंदूंमधलं अंतर निम्मं केलं आणि कालपायरी तशीच ठेवली की थोड्याच पायऱ्यांत आकडे उसळून पडद्यावर ‘नॅन’ची (‘हा आकडाच नाही’ या खुणेची) रांग लागते. पुढची स्थिती थेट मागच्या स्थितीवरून काढणाऱ्या या एक्स्प्लिसिट पद्धतीत कालपायरी चौपट लहान करावी लागते, त्यामुळे एका मितीतही काम आठपट वाढतं. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की विसरत नाही.

समांतर गणनेसाठी 16 कोअरचं एकच यंत्र आहे. प्रोग्रामचा 5 टक्के भाग क्रमाने चालणारा असेल तर त्यावर वेग 16 पट नाही, सुमारे 9 पटच वाढतो, हे इथे तपासता येतं. एमपीआयही (अनेक यंत्रांवर चालणाऱ्या प्रोग्रामांनी एकमेकांना निरोप पाठवायची रीत) त्यावरच शिकवतात, पण नेटवर्कमुळे होणारा उशीर एका यंत्रावर कसा दिसणार? स्लर्मची, म्हणजे मोठ्या संगणकावर कामं ओळीने लावणाऱ्या प्रणालीची, रांग तर नाहीच. चार जुने पीसी जोडले तरी भागलं असतं.

चौथ्या सत्राचा प्रकल्प 20 क्रेडिटचा, आणि विषय इंटरनेटवरून उचललेल्या डेटाचे. इंडस-2 सारखा 2.5 जीईव्हीचा सिंक्रोट्रॉन (इलेक्ट्रॉन वेगाने फिरवून क्ष-किरण देणारं यंत्र) ज्या शहरात आहे, तिथे भौतिकशास्त्राचा एक सहमार्गदर्शक मिळू नये?

प्रवेश घ्यायचाच असेल तर गेल्या वर्षीचे तीन प्रकल्प-अहवाल मागून वाचा. जाळी बारीक केल्यावर त्रुटी किती कमी झाली, याचा तक्ता एकाही अहवालात नसेल तर फी भरण्याआधी विभागप्रमुखांना गाठा.