ट्रायरिमचं लाकडी मॉडेल किट: बोट मस्त, पण टक्कर मारायचा भागच गंडलाय (३ स्टार)

ऑनलाइन मागवलं, सोलापूरला डिलिव्हरी वेळेत आली, बॉक्स एका कोपऱ्याला चेपलेला पण आत सगळं शाबूत. ट्रायरिम म्हणजे प्राचीन ग्रीकांची, तीन रांगांत वल्ही मारायची लढाऊ बोट. किट १:७२ स्केलचं आहे, म्हणजे खरी ट्रायरिम साधारण ३७ मीटरची, तर हे दीड फुटाच्या थोडं वर भरतं, शोकेसमध्ये तिरकं ठेवावं लागतं.

आधी चांगलं सांगतो. लेझर कटिंग एकदम साफ, पार्ट नुसते दाबले की शीटमधून सुटतात. वल्ह्यांच्या तीन रांगा नीट दाखवल्यात, वरच्या रांगेसाठी कडेला बाहेर काढलेली चौकटसुद्धा दिलीय, स्वस्तातल्या किटमध्ये ती बहुतेक गाळतात. खऱ्या बोटीत १७० वल्हेकरी असायचे, वर ६२ आणि खालच्या दोन रांगांत ५४-५४, एका वल्ह्याला एक माणूस. किटमध्ये वल्ही बरीच कमी आहेत पण ते चालतंय, १७० काड्या चिकटवत कोण बसणार. बॉक्सवर मात्र साखळदंडातले गुलाम आणि चाबूकवाला छापलाय, अहो अथेन्सचे वल्हेकरी बहुतेक पगारी मोकळी माणसं होती, ग्रीसमधल्या सलामिस बेटापाशी इ.स.पू. ४८० मध्ये पर्शियन आरमाराला पाणी पाजलं ते त्यांनीच.

आता मेन प्रॉब्लेम. पुढची रॅम म्हणजे टक्कर मारायचं टोक, ते यांनी भाल्यासारखं अणकुचीदार दिलंय, आणि खरी रॅम तशी नव्हतीच की ओ! १९८० मध्ये इस्राएलच्या किनाऱ्याजवळ अथ्लित इथं समुद्रात सापडलेली रॅम बघा, ओतीव ब्राँझ, साधारण ४६५ किलो, सव्वादोन मीटर लांब, आणि तोंड बोथट, त्याला तीन आडव्या पट्ट्या. टोकदार असती तर समोरच्याच्या पोटात रुतून बसली असती आणि आपणही अडकलो असतो. काम भोक पाडायचं नव्हतं, फळ्यांचे सांधे उसवायचे होते, मग लगेच वल्ही उलटी मारून मागं सरकायचं. आणि ही रॅम कण्याच्या (बोटीच्या तळाचं मधलं लांब लाकूड) आणि दोन्ही कुशींच्या जाड वाशांच्या टोकांवर टोपणासारखी बसवलेली, म्हणजे धक्का अख्ख्या बोटीत वाटला जायचा. किटमध्ये कणा दोन सेंटिमीटर आधीच संपतो आणि रॅम नुसती गोंदावर चिकटते, आमच्या पोरानं टेबल पुसताना फडकं लागलं तर निखळून पडली, इराणी आरमार काय फोडणार ती.

वर पॅकेटवर ‘क्यूसी पास’चा स्टिकर. सिसिलीजवळ एगादी बेटांपाशी इ.स.पू. २४१ च्या लढाईतल्या रॅम सापडल्यात, त्यातल्या काही रोमन रॅमवर ती तपासून पास करणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव ओतलेलं आहे, तसं नाव टाकायला लावलं पाहिजे या कंपनीला.

आणखी एक गडबड, ग्रीक बोटीवर रोमनांचा कॉर्व्हस दिलाय, म्हणजे शत्रूच्या डेकवर आपटायचा खिळेवाला पूल. तो रोमनांनी सिसिलीजवळ मायलीच्या लढाईत इ.स.पू. २६० मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजविरुद्ध वापरला, सलामिसशी संबंधच नाही. मी तो लावलाच नाही. शिडाचं कापडही पातळ आहे, लढाईआधी मोठी शिडं किनाऱ्यावरच ठेवून जायचे तेव्हा न लावलेलं बरं.

रॅमवर जुगाड केलाय. कण्याला काडी जोडून पुढं वाढवली, नव्या पेठेतून पितळी पत्र्याचा तुकडा आणला, कात्रीनं कापून तीन पट्ट्या दुमडल्या, आता बोट उचलली तरी हलत नाही. पण उन्हाळ्यात करत असाल तर प्लायचे शीट पिशवीतच ठेवा, आपल्या इथल्या कोरड्या हवेत बाकदार होतात, मग कुशीच्या फळ्या बसत नाहीत आणि कंपनी स्पेअर देत नाही, मेल टाकून बसलोय.

जहाजांची आवड असेल आणि हातात कात्री-कानस असेल तर सेलमध्ये घ्या, फुल रेटला नको. आणि लहान बाटलीत ब्राँझ कलर सोलापुरात कुठं मिळतो कुणाला माहिती असेल तर खाली टाका.