लहान देशाचा मिलेट-भाव अहवाल: पैसे नेमके कशाचे मोजता?

‘अमुक देशातील मिलेट बाजार: आयात-निर्यात भाव, उलाढाल आणि पुढच्या दशकाचा अंदाज’ अशा नावाचे पीडीएफ अहवाल ऑनलाइन विकले जातात. देश बदलला तरी साचा तोच: नकाशा, मिलेटचे (बाजरी, नाचणी, वरी अशा भरडधान्यांचे) आरोग्याला फायदे, मग आलेख आणि शेवटी वाढीचा टक्का. हा आढावा एका कंपनीचा नाही, या प्रकारच्या मालाचा आहे. मोठ्या बाजारासाठी असा अहवाल कामचलाऊ ठरू शकतो. वर्षाला जेमतेम पाच-पन्नास टन मिलेट आयात करणाऱ्या देशासाठी मात्र तो बहुतेक वेळा दिशाभूल करतो, आणि तेही आकडे खरे असताना.

अहवालातला ‘सरासरी आयात भाव’ हा भाव नसतोच. सीमाशुल्क खात्याकडे नोंदलेलं एकूण मूल्य भागिले निव्वळ वजन, एवढंच ते. कुठल्याही व्यापाऱ्याने त्या दराने सौदा केलेला नसतो. मोठ्या बाजारात शेकडो खेपा एकमेकींना सांभाळून घेतात, म्हणून हा भागाकार भावाच्या जवळ जातो. लहान बाजारात एक खेप अख्खं वर्ष हलवते. समजा, 48 टन साधा दाणा 520 डॉलर टनाने आला आणि 2 टन बियाणं 2,600 डॉलरने. एकूण मूल्य 30,160 डॉलर, वजन 50 टन, सरासरी 603. बियाणं आलं नसतं तर सरासरी 520 राहिली असती. अहवाल लिहिणार, ‘भाव 16 टक्क्यांनी वधारला’. बाजारात काहीच वधारलेलं नसतं.

म्हणून अहवालात सगळ्यात आधी एचएस कोड, म्हणजे सीमाशुल्कासाठी मालाला दिलेला आंतरराष्ट्रीय वर्गीकरण क्रमांक, शोधावा. 2012 पासून मिलेटचे दोन उपकोड आहेत: पेरणीच्या बियाण्यासाठी 1008.21 आणि बाकीच्या दाण्यासाठी 1008.29. त्याआधी दोन्ही 1008.20 मध्ये एकत्र होते. 2008 ते 2020 अशी सलग रेघ काढलेला आलेख दिसला, तर दोन्ही उपकोड बेरीज करून जोडलेत की एकच उचललाय, हे विचारावं. एकच उचलला असेल तर 2012 ची उडी ही वर्गीकरणाची उडी असू शकते.

याहून मोठी मेख सोललेल्या दाण्याची. एचएसच्या दहाव्या प्रकरणात टरफल काढलेलं धान्य बसत नाही (तांदळासारखे अपवाद सोडून). सोललेलं मिलेट 1104.29 मध्ये जातं आणि तिथे इतर धान्यांच्या सोललेल्या दाण्यांत मिसळतं. पीठ 1102.90 मध्ये जातं, तिथेही तीच गर्दी. म्हणजे ज्या देशात माणसांसाठीचा माल सोलूनच उतरतो, तिथे 1008.29 मध्ये उरतो तो बराचसा पक्ष्यांच्या खाद्याचा दाणा. त्या कोडचा भाव बघून नाश्त्याच्या उत्पादनाचा खर्च मांडला तर हिशेब पहिल्याच ओळीत चुकला. चांगल्या अहवालात हे तळटिपेत तरी असायला हवं; या साच्यातल्या अहवालांत ते सहसा सापडत नाही.

प्रस्तावना आणि तक्ता यांचंही जमत नाही. 2023 हे संयुक्त राष्ट्रांचं आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं आणि त्यात ज्वारी आणि आफ्रिकेतली टेफ, फोनिओ ही धान्यंही धरली होती. प्रस्तावना ती व्याख्या उचलते. भावाच्या तक्त्यात मात्र ज्वारी नसते, कारण तिचा कोडच वेगळा, 1007. फोनिओ 1008.40 मध्ये, टेफ 1008.90 या ‘इतर’च्या डब्यात. एका व्याख्येचा बाजार आणि दुसऱ्याच व्याख्येचा भाव, मधे फक्त पानं उलटायची.

आयात आणि निर्यात भाव शेजारी ठेवून ‘नफ्याची फट’ दाखवणं ही या अहवालांची आवडती करामत. बहुतेक देशांत आयात सीआयएफने नोंदली जाते, म्हणजे भाडं-विमा धरून, आणि निर्यात एफओबीने, म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंतच्या किमतीने. हलक्या किमतीच्या दाण्यावर भाड्याचा बोजा मोठा. 20 फुटी कंटेनरमध्ये 20 टन माल आणि 2,000 डॉलर भाडं धरलं तर टनामागे 100 डॉलर. दाणा 400 डॉलरचा असेल तर भाडंच 25 टक्के. सरसकट 10 टक्के वजा करून दोन्ही बाजू जुळवणारा तक्ता इथे उपयोगाचा नाही. दोन-चार टनांची फुटकळ खेप दुसऱ्यांच्या मालासोबत आली असेल तर टनामागचा खर्च आणखी चढतो. शिवाय लहान बंदर-देशांची ‘निर्यात’ बऱ्याचदा पुनर्निर्यात असते: गोणीत आलेला माल छोट्या पाकिटांत भरून शेजारी धाडलेला. तिथला चढा निर्यात भाव हा पॅकिंगचा भाव असतो, तो बघून शेतकऱ्याने हुरळून जाऊ नये.

आता मूळ आकडे. ते बहुतेक वेळा यूएन कॉमट्रेड (संयुक्त राष्ट्रांचा व्यापार-आकड्यांचा साठा) आणि फाओस्टॅट (त्यांच्याच अन्न व कृषी संघटनेचा साठा) इथून आलेले असतात, आणि दोन्ही फुकट उघडतात. कॉमट्रेडवर देश निवडा, 1008.21, 1008.29 आणि 1104.29 हे तिन्ही कोड घ्या, वार्षिक नको, मासिक घ्या, आणि भागीदार देश ‘सर्व’ न ठेवता सुटे मागवा. मूल्य भागिले निव्वळ वजन स्वतः करा. वजन अंदाजित आहे की नाही हे सांगणारा रकाना जरूर बघा. वजन न कळवलेल्या नोंदींत ते मूल्याला प्रमाणित दराने भागून काढलेलं असतं, म्हणजे तो दर ‘भाव’ म्हणून वाचणं हे आपलीच सावली मोजण्यासारखं. अशा ओळी गाळाव्यात. एक टनाखालच्या नोंदीही बाजूला काढाव्यात, त्यांत नमुन्यांचा माल असू शकतो. उरलेल्यांची सरासरी नको, मध्यक (चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) घ्या.

मग तोच व्यवहार उलट बाजूने तपासा: विकणाऱ्या देशाने या देशाला किती पाठवल्याची नोंद केली? दोन्हींतला फरक भाड्याने समजण्यासारखा असेल तर आकडा धरावा. वजनच दुप्पट-तिप्पट वेगळं असेल तर माल तिसऱ्या बंदरातून फिरला असेल किंवा कोड चुकला असेल. देशात एकच आयातदार असेल तर त्याची माहिती उघड होऊ नये म्हणून नोंद झाकलीही जाते. तक्त्यातलं शून्य म्हणजे आयात शून्य असं नाही.

फाओस्टॅटमध्ये मूल्य हजार डॉलरमध्ये असतं. मोठ्या देशाला चालून जातं. पण जुन्या वर्षांच्या पूर्णांकी नोंदीत 3 टन आणि मूल्य 2 असं दिसलं, तर वजन नेमकं 3 टन धरलं तरी खरं मूल्य 1,500 ते 2,499 डॉलर, म्हणजे टनामागे 500 ते 833 यांमध्ये कुठेही. अहवाल मात्र ‘667 डॉलर’ छापून मोकळा. दशांश चिन्ह नाही दिलं हेच उपकार.

दहा वर्षांच्या अंदाजाबद्दल फार लिहावं असं काही नाही. चार-पाच बिंदूंवरून ओढलेली रेघ आहे, आणि त्यातला एक बिंदू बियाण्याच्या खेपेचा.

अशा अहवालाला माझे गुण पाचपैकी दोन. हे दोन कशाचे? आयातशुल्काचे दर आणि खरेदीदारांची यादी एका जागी मिळते, त्याचे. बँकेला किंवा भागीदाराला फाइलमध्ये छापील अहवालच हवा असेल तरीही घेऊन टाकावा. भाव ठरवायचा असेल तर तेच पैसे दोन-तीन निर्यातदारांकडून नमुने मागवण्यात घालावेत. दरपत्रकात ओलावा, काडीकचरा, सोललेला की बिनसोललेला, गोणीचं वजन आणि पोहोच कुठपर्यंत हे लिहून मागावं.

तरीही अहवाल घ्यायचाच असेल तर आधी भागीदारनिहाय तक्त्याचं एक नमुना पान मागा. त्यावर कोड, वजनाचा स्रोत आणि आकडे कुठल्या तारखेला उतरवले हे तिन्ही हवं, कारण मागच्या वर्षांचे आकडेही नंतर सुधारले जातात. पैसे भरण्याआधीच मागा. उतरवून घेतलेली पीडीएफ परत घेणारा विक्रेता विरळाच.