माडाआडचा ध्रुव: कोकणात डॉब्सोनियन घ्यावी की इक्वेटोरियल?

गुहागरला आमच्या घरी या दोन्ही तऱ्हेच्या दुर्बिणी आहेत. आधी घेतली सहा इंची न्यूटोनियन, म्हणजे आरशाची दुर्बीण, ७५० मिमी फोकल लेंग्थची, मोटर लावलेल्या इक्वेटोरियल माउंटवर, म्हणजे ताऱ्यांच्या मागोमाग फिरणाऱ्या बैठकीवर. दोन वर्षांनी आठ इंची डॉब्सोनियन (थोडक्यात डॉब) आली, १२०० मिमीची, साध्या बैठकीवर हाताने फिरवायची. आरशांची मांडणी दोन्हींत तीच, न्यूटनने १६६८ मध्ये केली ती. फरक खालच्या बैठकीचा. त्यामुळे ‘यातली कुठली घेऊ’ असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, तुमच्या खळ्यातून, म्हणजे अंगणातून, उत्तर दिशा दिसते का?

फोटोंपुरता वादच नाही. मृगातला तेजोमेघ किंवा देवयानी दीर्घिका टिपायची तर दोन-तीन मिनिटांचे एक्स्पोजर लागतात. आकाश सेकंदाला १५ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) सरकत असतं, ते धरून ठेवायला इक्वेटोरियलच हवा. डॉबच्या आयपीसला, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाला, मोबाइल धरून चंद्र झकास येतो, पण तिथवरच. फक्त फोटोसाठी न्यूटोनियन घेताना एक गोष्ट आधी विचारून घ्या: कॅमेरा लावल्यावर फोकस होतो का? बघण्यासाठी बनवलेल्या कित्येक नळ्यांमध्ये फोकसर (आयपीस आत-बाहेर सरकवायची नळी) पार आत नेला तरी कॅमेऱ्याचा सेन्सर फोकसपर्यंत पोचत नाही. मग मुख्य आरसा पुढे सरकवायची कसरत करावी लागते. मी ती केली आहे, सांगण्यासारखी नाही. शिवाय कडेच्या ताऱ्यांना शेपट्या फुटतात, त्या घालवायला कोमा करेक्टर नावाचं भिंग वेगळं.

आता माझं दुखणं.

गुहागर साडेसतरा अक्षांशावर. म्हणजे ध्रुवतारा क्षितिजापासून साडेसतरा अंशच वर, हात लांब करून वीत धरली तर वितीच्याही खाली. आणि आमच्या उत्तरेला काय आहे? शेजाऱ्यांची माडापोफळींची वाडी. माउंटचा अक्ष ध्रुवाकडे रोखल्याशिवाय ट्रॅकिंगला अर्थ नाही. त्यातही ध्रुव नुसता मध्यभागी आणून भागत नाही. ज्याला आपण अढळ म्हणतो तो खऱ्या ध्रुवबिंदूपासून अर्ध्या अंशाहून जरा जास्तच बाजूला असतो, त्यामुळे त्याला पोलर स्कोपमधल्या (अक्षातून ध्रुव बघायच्या छोट्या दुर्बिणीतल्या) वर्तुळावर नेमक्या जागी बसवावं लागतं. इतक्या खालच्या अक्षांशावर अक्ष जवळजवळ आडवा, म्हणून ओल्या जमिनीवर गुडघे टेकून, मान वाकडी करून पोलर स्कोपमध्ये बघायचं. वारा आला की झावळी हलते, ध्रुव दिसतो. स्क्रूला हात लावेपर्यंत झावळी परत जागेवर. एकदा शेजारच्या काकू शनी बघायला आल्या होत्या. त्यांचा दोनदा चहा झाला, ‘होतंय का रे?’ हेही दोनदा विचारून झालं, आणि शेवटी ‘उद्या बघू हो’ म्हणून गेल्या. त्या रात्री मी फोटोही काढला नाही आणि शनीही बघितला नाही.

यावर उपाय नाहीत असं नाही. ‘निना’ नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात आकाशाच्या कुठल्याही मोकळ्या भागाचे तीन फोटो घेऊन अक्ष जुळवता येतो, ध्रुव दिसायची गरज नाही. मी करून बघितलं, उत्तम चालतं. पण मग खळ्यात टेबल, लॅपटॉप, बॅटरी, वायरींचा गुंता, आणि पडद्याच्या उजेडावर वाडीतले झाडून सगळे किडे. त्यात अक्ष आडवा असल्याने दुर्बिणीचा तोल सांभाळणाऱ्या वजनांचा दांडा जवळजवळ सरळ खाली येतो आणि ट्रायपॉडच्या उत्तरेकडच्या पायाला टेकतो. ट्रायपॉड आणि माउंटच्या मध्ये जोडनळी घातली तेव्हा ते थांबलं.

डॉब दोन खेपांत पडवीतून खळ्यात येते. कोलिमेशनवर, म्हणजे आरसे एका रेषेत आहेत ना यावर, नजर टाकायची, फाइंडर (नेम धरायची छोटी दुर्बीण) जुळवायचा, की बघायला सुरुवात. ती बनवणारा जॉन डॉब्सन अमेरिकेतल्या वेदान्त मठातला संन्यासी. दुर्बिणी करण्यात इतका रमला की १९६७ मध्ये त्याला मठ सोडावा लागला. पुढे तो रस्त्यावर दुर्बीण मांडून येणाऱ्याजाणाऱ्याला आकाश दाखवायचा. बैठक साधी का आहे ते त्यावरून कळावं.

तिचेही नखरे आहेत. दोनशे पट मोठा करून बघताना गुरू मिनिटाभरात नजरेतून निसटतो, सारखं हाताने ढकलत राहावं लागतं. पाहुण्यांची रांग असली की प्रत्येकाच्या आधी मीच डोळा लावून तो परत मध्ये आणतो. पण खरी खोड बैठकीच्या पार्टिकल बोर्डची. पहिल्याच पावसाळ्यात खालची कड पोह्यासारखी फुगली. आता सगळ्या कडांना व्हार्निश दिलंय आणि जून ते सप्टेंबर ती माजघरात पाटावर असते. दव, खारा वारा, आयपीसवरची बुरशी यांत दोघींना सारखाच ताप; सिलिका जेल आणि हेअर ड्रायर लागणारच.

तुम्ही सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर, राहत असाल, किंवा गच्चीवर पक्का खांब ओतून माउंट कायमचा बसवणार असाल, तर माझं ऐकू नका, इक्वेटोरियल घ्या. एकदा जुळला की तो सोनं आहे. पण वाडीतल्या घरात, रोज मांडून रोज आवरायचं असेल, तर मला वाटतं डॉबने सुरुवात करावी. मे महिन्याच्या सुरुवातीला आम्ही ती गाडीत घालून सड्यावर नेतो. समुद्राकडे एलईडीवाल्या होड्यांचा उजेड असतो, तिकडे पाठ करायची आणि दक्षिणेला नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा ताऱ्यांचा गुच्छ गाठायचा. तो जेमतेम पंचवीस अंश वर येतो, पण आठ इंची आरशात साखर सांडल्यासारखा दिसतो. हे सहा इंचीतून इतकं सुटं दिसलं नव्हतं, निदान माझ्या डोळ्यांना तरी.

माउंट सध्या माळ्यावर आहे. विकायचं अजून मनात नाही. त्याची पाच किलोची दोन वजनं होती, त्यातलं एक आईने दडप्या पोह्यांवर ठेवायला घेतलंय, ते काही परत मिळेल असं वाटत नाही.