बोर्ड गेलेला नव्हता, बायोस जुना होता: २२००जी वरून ५६००जी, सहा महिन्यांनंतर

एएम४ (एएमडीच्या प्रोसेसरचं सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसायची जागा) असलेल्या बोर्डावर नवा प्रोसेसर घेणार असाल तर आधी हे करा: जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर, अपडेट करून घ्या. माझे ऐन सीझनच्या तोंडावरचे चार दिवस यातच गेले.

मशीन २०१८ च्या दिवाळीतलं. प्रोसेसर रायझन-३ २२००जी, बी४५० बोर्ड, आठ जीबी रॅमची एकच स्टिक. काम लग्नपत्रिका आणि फ्लेक्सचं, दिवसभर कोरलड्रॉ हे डिझाइनचं सॉफ्टवेअर उघडं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ ला चालणाऱ्या प्रोसेसरच्या यादीत २२००जी नाही. दुकानदार म्हणाला, अख्खं मशीन बदला. म्हणजे बोर्ड नवा, रॅमही नव्या पिढीची, डीडीआर५. चांगला चालणारा बोर्ड भंगारात काढायला माझं मन धजेना. त्याच सॉकेटमध्ये रायझन-५ ५६००जी बसतो, तो घेतला. साधा ५६०० मोहात पाडत होता, कॅशे (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) ३२ एमबी, ५६००जी मध्ये १६. पण त्यात ग्राफिक्स नाही आणि माझ्याकडे वेगळं कार्ड नाही, मग स्क्रीनवर काही दिसणारच नाही.

दुकानदाराने प्रोसेसर बसवला. पंखा फिरला, डिस्प्ले नाही. "बोर्ड गेला," म्हणाला, तपासणीचे पाचशे घेतले आणि नव्या बोर्डाचा भाव सांगितला. बायोस कितव्या आवृत्तीचा आहे, हे त्याने पाहिलंही नाही! बोर्डाच्या कंपनीच्या साइटवर प्रत्येक मॉडेलची प्रोसेसरची यादी असते, कुठला प्रोसेसर कुठल्या बायोसपासून चालतो ते त्यात लिहिलेलं असतं. माझा बायोस २०१८ चाच होता.

माझ्यापुढे उपाय एकच, जुना २२००जी परत लावून अपडेट करायचा. पण प्रोसेसर आणि कूलरच्या मधली वाळलेली पेस्ट न तापवता दुकानदाराने कूलर सरळ वर ओढला होता. प्रोसेसर कूलरला चिकटून उपटून आला आणि १३३१ पिनांपैकी तीन वाकल्या. खरं तर मशीन दहा-पंधरा मिनिटं चालवून पेस्ट मऊ करायची, कूलर हलक्या हाताने डावी-उजवीकडे फिरवायचा, मग उचलायचा. भिंग आणि पेन-पेन्सिलचं मोकळं टोक घेऊन मी त्या पिना सरळ केल्या. एक तुटली असती तरी सगळं तिथेच अडू शकलं असतं, कारण जुन्या बायोसला ५६००जी ओळखता येत नाही. रात्री मशीन इन्व्हर्टरवर घेतलं, कारण अपडेट चालू असताना लाइट गेली तर बोर्ड खरंच जाऊ शकतो. साइटवर मधली एक आवृत्ती आधी टाकायला सांगितली होती, म्हणून पेनड्राइव्हवरून दोनदा अपडेट केलं. नवा प्रोसेसर लावला आणि डिस्प्ले आला. त्या क्षणाचा आनंद अजून आठवतो.

तरी पहिले पंधरा दिवस मी नाराजच होतो. फाइल उघडल्यावर झूम करताना तीच जुनी अडखळ. पैसे पाण्यात गेले असं घरी बोलूनही झालं. मग रॅमची दुसरी आठ जीबीची स्टिक घातली आणि माझं मत बदललं. आतलं ग्राफिक्स रॅमवरच जगतं, दोन स्टिक असल्या की ड्युअल चॅनल, म्हणजे दोन्हींकडून एकाच वेळी डेटा, मिळतो आणि त्याला श्वास घेता येतो. मोठ्या फ्लेक्सची पीडीएफ व्हायला आधी चार मिनिटं लागायची, आता दोनच्या आत होते. तुळशीच्या लग्नानंतरचा अख्खा सीझन मशीन एकदाही हँग झालं नाही. विंडोज ११ कसलीही कुरकुर न करता बसलं.

प्रोसेसरसोबत आलेल्या कूलरचा आवाज एप्रिलमध्ये मात्र असह्य झाला, तापमान ८५ अंशांच्या पुढे जायचं. मर्यादा ९५ ची आहे, त्यामुळे धोका नव्हता, पण शेजारी बसून प्रूफ वाचवेना. बायोसमध्ये प्रोसेसरची वीज ६५ वॅटऐवजी ४५ वॅट केली. तापमान सत्तरीत आलं, कोरलमध्ये फरक जाणवत नाही.

प्रोसेसर आणि रॅम मिळून नव्या मशीनच्या निम्म्याहून कमी खर्च आला. ते पाचशे रुपये मात्र दुकानदाराने अजून परत दिलेले नाहीत. चालू मशीन त्याला नेऊन दाखवलं, तरीही.